जुळी कोकरे हवीत, मग आईच्या खुराकाचे काय?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतील फेक-बी जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते, ही बऱ्याचदा जुळी देते. दुसरीकडे राज्याच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. कळप वाढवण्याची सोय झाली. पण कोकरे जगतात ती आईच्या दुधावर, आणि ते दूध तिच्या रक्तातून बनते.

दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, कास रक्तातल्या ग्लुकोजपासून तयार करते. लॅक्टोज जितके, तितके पाणी कासेत ओढले जाते. त्यामुळे ग्लुकोज कमी पडले की दूधच कमी होते. मेंढीला हे ग्लुकोज चाऱ्यातून थेट फारसे मिळत नाही. पोटातील जंतू दाणा-चारा कुजवून जी आम्ले करतात, त्यांतील एकापासून यकृत ते बनवते. नुसत्या वाळल्या गवतावर हे आम्ल कमी पडते.

मग मेंढी अंगची चरबी वितळवते आणि रक्तात किटोन वाढतात. रक्तातील ग्लुकोज साधारण ५० ते ८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावे. गाभण काळाच्या शेवटी किटोन (बीएचबी) ०.८ मिलिमोलच्या आत असला तर खुराक पुरतो आहे. १.६ च्या पुढे गेला तर मेंढी उपाशी आहे असे समजा, मग ती दिवसभर चरताना का दिसेना.

माझ्या मते आपली गफलत वेळेची आहे. महामेषमधील चराई अनुदान जून ते सप्टेंबरसाठी आहे. पावसाळ्यात चराई बंद क्षेत्रांची अडचण असते, हे खरेच. पण जून-जुलैत फळलेली मेंढी पाच महिन्यांनी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विते. तिची खरी ओढाताण शेवटचे सहा आठवडे आणि विल्यानंतरचा पहिला महिना. दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात सर्वाधिक असते, आणि तेव्हा कळप बहुतेक वाटेवर असतो.

तुम्ही काय कराल? जुळी असण्याची शक्यता असलेल्या मेंढ्या वेगळ्या काढा. शेवटच्या सहा आठवड्यांत दररोज २०० ते ३०० ग्रॅम मक्याचा भरडा व पेंड द्या, पण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या. एकदम दाणा दिला तर पोट आंबते. विल्यावर खुराक तोडू नका. पाठीच्या कण्यावरून हात फिरवा. हाडे टोचत असतील तर चरबीचा साठा संपत आलेला आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी सगळ्या कळपाचे रक्त तपासायची गरज नाही. विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पाच-सहा मेंढ्यांचे नमुने पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावेत. त्यात कॅल्शियमही पाहावे, कारण विण्याच्या सुमारास आडवी पडलेली मेंढी किटोनमुळेच पडली असे नाही. कॅल्शियम कमी झालेली मेंढी कॅल्शियम दिल्यावर बऱ्याचदा काही तासांत उठते. किटोन वाढलेली तशी उठत नाही, तिचे कारण वेगळे असते आणि उपचारही. म्हणून अंदाजाने इंजेक्शन देऊ नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.