मांजराचें पान

एका वाचकभगिनीचें पत्र समोर आहे. घर मोठें, आजेसासूबाईंपासून बालवर्गांतल्या नातीपर्यंत तेरा माणसें एकत्र नांदतात, आणि सध्यां त्यांच्यांत दोन तट पडले आहेत. मुलांना मांजराचें पिलूं हवें आहे. वडील मंडळींची त्याला ना नाहीं. मात्र घरांत सामिष अन्न येतां कामा नये, ही त्यांची अट. "पूर्वीं आपल्याकडे मांजरें दूधभातावरच वाढत. मग आतांच काय अडचण आली?" असें ते विचारतात, आणि ह्या प्रश्नाचें उत्तर बाईंना माझ्याकडून हवें आहे.

उत्तर मला ठाऊक आहे. पण तें ज्या रीतीनें ठाऊक झालें, ती हकीकत आधीं सांगितली पाहिजे.

आमच्या जुन्या वाड्यांत मनी नांवाची मांजर होती. पाठीवर करडे पट्टे, पोट पांढरें. माझ्या सासूबाई सोंवळ्याओंवळ्याच्या कडक. तरी दुपारीं पानें वाढलीं कीं दूधभाताचा पहिला घांस मनीच्या वाटींत जाई, वर सायीचा तुकडा. मनी वाटी चाटूनपुसून स्वच्छ करी आणि मग माळ्यावर नाहीं तर परसांत निघून जाई. आमची मांजर शाकाहारावर पोसली आहे, असें आम्ही आल्यागेल्याला कौतुकानें सांगत असूं. वस्तुतः तिचा शाकाहार वाटीपुरताच होता. माळ्यावर उंदीर, परसांत पाली आणि चिमण्या. खरा स्वयंपाक तिकडे होत होता. कोठींतलें धान्य शाबूत राहतें, एवढेंच आमच्या नजरेस येई.

पुढें वाडा पाडला गेला आणि त्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारतींत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेलों. खिडक्यांना जाळ्या. माळा नाहीं, परस नाहीं, उंदीर तर नांवालाही नाहीं. मनीची वाटी मात्र तीच, आणि आतां घांसाला घांस वाढवून दिलेला. दोनएक वर्षें लोटलीं असतील. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या भर उन्हांतही मोठ्या दिसूं लागल्या. "मनीचे डोळे किती सुंदर झालेत!" असें मुलें म्हणत, आणि मीही म्हटलें असेन. मग एके दिवशीं तिनें ओट्यावर उडी घेतली ती कडेवर आपटून खालीं आली.

पशुवैद्यांनीं डोळ्यांत दिवा धरून पाहिलें आणि पहिला प्रश्न विचारला, "हिला खायला काय घालतां?" सासूबाई अभिमानानें म्हणाल्या, "दूधभात, वर तूप. घरच्या माणसासारखी आहे ती." डॉक्टर क्षणभर गप्प बसले. मग त्यांनीं सांगितलें कीं दृष्टि गेली ती गेली. पण आहार बदलाल तर हृदय तरी वांचेल.

त्या संध्याकाळीं दिवेलागणीनंतर सासूबाईंनीं मला विचारलें, "मांजर मारलें तर काशीला सोन्याचें मांजर द्यावें लागतें म्हणतात. आंधळें केलें तर काय द्यावें लागतें ग?" मला उत्तर सुचलें नाहीं.

मांजराचा देह मूळचा शिकाऱ्याचा आहे. दृष्टिपटलाला आणि हृदयाच्या स्नायूला टॉरीन नांवाचें एक द्रव्य लागतें. माणसाचें शरीर तें स्वतः तयार करतें. मांजराला तें पुरेसें करतां येत नाहीं, आणि जें असतें त्यांतलेंही पित्तावाटे रोज थोडें खर्ची पडतें. धान्याभाज्यांत तें जवळजवळ नसतें. मांसांत, मासळींत आणि उंदरांत भरपूर असतें. १९७५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं दुधांतील केसीन हेंच ज्यांत प्रथिन होतें, अशा आहारावर ठेवलेल्या मांजरांचीं दृष्टिपटलें झिजत गेलीं. १९८७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनीं दाखविलें कीं ह्याच द्रव्याच्या अभावीं मांजराचें हृदय फुगून दुबळें होतें, आणि तें वेळेवर पुरविल्यास पुष्कळदां पुन्हां सांवरतें. डोळा सांवरत नाहीं. शिवाय गाजराच्या रंगापासून आपण 'अ' जीवनसत्त्व बनवितों, तेंही मांजराला साधत नाहीं. त्याला तें प्राणिज अन्नांतूनच मिळावें लागतें. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतही नाहीं. त्यांचीं पोटें बिघडतात. तेव्हां 'मांजर आणि दूध' ही जोडी म्हणींत शोभते, वाटींत नव्हे.

ह्यावरून पत्रांतील प्रश्नाचा उलगडा होईल. पूर्वींचीं मांजरें दूधभातावर वाढत नव्हतीं. उंदरांवर वाढत होतीं आणि दूधभात आपल्या समाधानासाठीं खात होतीं. बंद घरांत उंदराची जागा कोणीतरी भरून काढली पाहिजे.

ती कशी भरावी? घरांत कांहीं शिजविण्याची गरज नाहीं, हें वडील मंडळींना आधीं सांगावें. मांजराचें तयार कोरडें खाद्य पिशवींत मिळतें. त्यावर तें 'संपूर्ण आहार' असल्याचा उल्लेख आहे कीं नाहीं, हें वाचून घ्यावें. नुसता खाऊ म्हणून जें विकतात त्यावर मांजर जगत नाहीं. ह्या खाद्यांत टॉरीन वरून मिसळलेलें असतें. १८२७ सालीं दोन जर्मन शास्त्रज्ञांना तें प्रथम बैलाच्या पित्तांत सांपडलें आणि बैलाच्या लॅटिन नांवावरून त्याचें नामकरण झालें. आतां मात्र तें कारखान्यांत रासायनिक रीतीनें तयार होतें. (ही माहिती दिल्यावर आमच्या मामंजींचा निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा खाद्याच्या वासाविषयीं होता, आणि त्यांत तथ्य होतें.) शेजारीं मासळी शिजत असेल तर कांटे काढलेला उकडलेला बांगडा, ज्या पाण्यांत उकडला त्या पाण्यासह, मधून मधून मागून घ्यावा, टॉरीन त्या पाण्यांत उतरतें. 'निदान अंडें चालेल' अशी तडजोड पुष्कळ घरांत होते. उकडलेलें अंडें वाईट नाहीं, पण त्यांत टॉरीन फार थोडें; एकट्या अंड्यानें भागणार नाहीं. कृत्रिम टॉरीन घातलेलें संपूर्ण शाकाहारी मांजरखाद्यही परदेशांत निघालें आहे. पण पशुवैद्याच्या नियमित देखरेखीवांचून तो प्रयोग आपल्या मांजरावर करूं नये.

साधारण ४ किलो वजनाच्या घरगुती मांजरास दिवसाला २०० ते २५० कॅलरी पुरतात. एकत्र कुटुंबांत अडचण अशी कीं प्रत्येकजण आपल्या हातानें थोडें थोडें घालतो आणि संध्याकाळपर्यंत चार वेळां जेवण झालेलें असतें. घालणारें माणूस एकच नेमावें. उलट, मांजर लठ्ठ झालें म्हणून त्याला एकादशी घडवूं नये. दोनतीन दिवस पोटांत अन्न गेलें नाहीं तर अशा मांजराच्या यकृतांत चरबी सांठून जिवावर बेततें. खाद्य बदलायचें तें आठदहा दिवसांत, जुन्यांत थोडें थोडें नवें मिसळून.

लाडांविषयीं मी फारसें सांगणार नाहीं. ते कोणी शिकवावे लागत नाहींत. एवढेंच, कीं पेढ्याचा तुकडा देऊं नये. मांजराला गोड चवच कळत नाहीं. तिच्या जिभेंत ती ओळखणारा भागच नीट घडत नाहीं, असें फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेनें २००५ सालीं दाखवून दिलें. कांदालसूण घातलेलें कांहींही विषासमान, आणि आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराचा प्राण घेते.

ज्या घरीं यांतलें कांहींच शक्य नाहीं त्यांनीं मांजर आणूं नये. त्यांत कमीपणा नाहीं. ससा गवतावर आनंदानें राहतो. कुत्र्याची जात माणसाच्या उंबऱ्याशीं राहून पिष्टमय अन्न पचवायला शिकली. नीट आंखलेल्या शाकाहारावर कुत्रें ठेवतां येतें, नुसत्या दूधपोळीवर मात्र नव्हे. राघूचा पिंजरा आजोळच्या ओटीवर कितीही शोभला असला, तरी रानचा पोपट बाळगणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे.

आणि पिलूं आणायचेंच ठरलें, तर तें आठ आठवड्यांपूर्वीं आईपासून तोडूं नये. पिसाळरोगाची लस, इतर लसी आणि वेळेवर शस्त्रक्रिया, हें पशुवैद्यांना विचारून करावें. मांजर चौदापंधरा वर्षें सहज जगतें. आज हट्ट करणारीं मुलें तोंवर शिक्षणाला दूर गेलेलीं असतील. तेव्हां वाटी कोण भरील, हें आजच बोलून ठेवावें.

मनी त्यानंतर पांच वर्षें जगली. घरभर ती मिशांच्या अंदाजानें फिरे. सासूबाईंनीं फर्मान काढलें कीं दिवाणखान्यांतली एकही वस्तु जागची हलवायची नाहीं, आणि पाहुणे उठून गेले कीं त्या गुडघे धरीत स्वतः खुर्च्या पूर्वींच्या जागीं सारीत. मनीची नवी वाटी मागल्या गॅलरींत ठेवली होती; चमचा वेगळा, फडकें वेगळें. त्या वाटीला सासूबाईंनीं अखेरपर्यंत हात लावला नाहीं. पण सकाळचे सात वाजले कीं देवघरांतून त्यांची हांक येई, "अग, तिचें पान वाढलें का?"