दिवाळीची पहाट आणि गावचा काकडा

दिवाळी तोंडावर आली म्हणजे शहरांतील वर्तमानपत्रांतून ‘दिवाळी पहाट’च्या जाहिराती झळकू लागतात : गायक-गायिकांची नावे, नाट्यगृह अथवा उद्यान, प्रवेशिका मिळण्याचे ठिकाण, आणि अभ्यंगस्नान आटोपून सहकुटुंब, सहपरिवार येण्याचे आग्रहाचे निमंत्रण. गेल्या काही दशकांत पुण्या-मुंबईकडे रुजलेल्या या प्रथेविषयी मला मनापासून आदर आहे. कारण सणाच्या दिवशीही आपापल्या खोलीत, आपापल्या मोबाईलपुढे बसून राहणारी माणसे तिच्यामुळे घराबाहेर पडतात, आणि आजोबांच्या तरुणपणीचे नाट्यपद नातवाला आजोबांच्याच शेजारी बसून ऐकावयास मिळते. मात्र शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेर पडलेली आमच्या कन्नड तालुक्यातील मुले सुट्टीत गावी येऊन ‘आपल्या देवगाव रंगारीलाही एखादी दिवाळी पहाट व्हावयास हवी’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना हाताला धरून पहाटे पाच वाजता देवळात न्यावे असे मला वाटते.

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मराठवाड्यातील गावोगावच्या देवळांत काकडा चालतो, आणि नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज हे सारे दिवस त्या महिन्याच्या पोटातच येतात. कपाशीची वेचणी, मक्याची सोंगणी आणि रब्बीची पेरणी यांनी दिवसभर कंबर मोडलेली माणसे याच महिन्यात अंधार असतानाच उठून, गार पाण्याने अंघोळ करून, देवळाच्या पायऱ्या चढतात, हे मला फार मोठे वाटते. पखवाजी ओल्या कणकेची लोई डाव्या तोंडावर थापतो, थाप मारून घुमारा पाहतो, जड वाटल्यास चिमूटभर कणीक काढून पुन्हा थाप मारतो. पेटीवाला पट्टी धरतो. विणेकरी मधोमध उभा राहतो, त्याच्या दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या ओळी लागतात, आणि तुपात भिजवलेला काकडा पेटला की आरतीला तोंड फुटते. मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, जोगी, गौळणी असा ठरलेला क्रम चालतो, आणि शेवटच्या आरतीपर्यंत बाहेर चांगलेच फटफटलेले असते.

यांतील कित्येक रूपके एकनाथमहाराजांची आहेत, आणि नाथांनी गुरुसेवा केली ती आमच्याच मुलखात, देवगिरीवर. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे त्या किल्ल्याचे किल्लेदार होते. त्याच देवगिरीच्या यादव दरबारात, तेराव्या शतकात, राजा सिंघणाच्या पदरी हिशेबाचे दप्तर सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला, ज्याला आजही उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील दोन्ही संगीतपद्धती आपले मूळ मानतात. या थोर शास्त्रकाराने स्वर, राग आणि ताल यांचे विवेचन करून लेखणी खाली ठेवली नाही. उत्तम गायकवृंदात चार मुख्य गायक, आठ त्यांच्या मागे गाणारे, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवाले असावेत अशी वृंदाची रचना त्याने सांगितली, आणि सभापती व सभासद कसे असावेत याचीही लक्षणे दिली. पुष्कळांनी मिळून गाणे आणि जाणत्यांनी एकत्र बसून ऐकणे या दोन्ही गोष्टींना त्याने शास्त्रात स्थान दिले आहे, हे सणासुदीच्या संगीताचा विचार करताना ध्यानी घेतले पाहिजे.

सभागृहातील मैफिलीत कुटुंब शेजारी-शेजारी बसते, परंतु ते सगळे श्रोत्यांच्याच बाजूला असते. काकड्यात तेच कुटुंब गाण्याच्या निरनिराळ्या जागी वाटले जाते. वडील टाळकऱ्यांच्या ओळीत, चुलते पेटीवर, आजी खांबाला टेकून ध्रुपद धरणारी, दिवाळीला माहेरी आलेली लेक बायकांच्या घोळक्यात लहानपणी पाठ झालेली गौळण पुन्हा म्हणणारी, आणि शेंबडे पोर एक टाळ हाती लागल्याच्या आनंदात ताल चुकवणारे. त्या पोराला कोणी रागावत नाही. शेजारचा म्हातारा आपले टाळ त्याच्या डोळ्यांसमोर धरून त्याला मात्रेवर आणतो. मुलाला संगीताचे याहून उत्तम शिक्षण मिळण्याची दुसरी जागा मला ठाऊक नाही.

केवळ ऐकणेही सोबतीने झाले तर त्याला निराळी खोली येते, हे मला मान्यच आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांचे गीतरामायण आठवड्याला एक याप्रमाणे, एकूण छप्पन्न गीतांनी प्रसारित झाले, तेव्हा रेडिओ असलेल्या घरात अवघी आळी जमत असे आणि त्या यंत्रापुढे उदबत्ती लावली जात असे. त्या काळचे लोक गीतांबरोबरच त्या बैठकीचीही आठवण सांगतात. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या, गीते हवी तेव्हा ऐकता येऊ लागली, ही सोय झाली खरी, पण आळीचे जमणे त्या सोयीत राहिले नाही.

मला खरी चिंता वाटते ती आवाजाची. सणात गाणे म्हणजे ट्रॅक्टरवर रचलेल्या भिंतीएवढ्या पेट्या, असा समज खेड्यांत बळावत चालला आहे. त्या कल्लोळात शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही, म्हातारी माणसे दारे लावून घेतात, आणि गाण्याने जवळ यायचे तेच लोक गाण्यापासून पळतात. काही देवळांतून काकड्यालाही भोंगा लावला जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला घरबसल्या भोंग्यातून भूपाळी ऐकू येते तो देवळात कशासाठी येईल? भोंगा काढा, ज्याला ऐकायचे आहे तो उठून येईल, आणि आला म्हणजे आपोआपच ध्रुपद धरील.

म्हणून गावी येणाऱ्या आमच्या मुलांनी नव्या कार्यक्रमासाठी वर्गणी जमवावी, पण तिचा विनियोग निराळा करावा. पखवाजाच्या पुड्या सैल झालेल्या असतात, पेटीचा भाता फाटलेला असतो, टाळांचे जोड अपुरे पडतात. आधी ती कामे करावीत. शाळेला दिवाळीची सुट्टी लागताच एखाद्या जाणत्या भजन्याला विनंती करून मुलामुलींना चार गौळणींच्या चाली बसवून घ्याव्यात. पाडव्याच्या किंवा भाऊबीजेच्या पहाटे आरती झाल्यावर तासभर अधिक बसावे, नाथांचे एखादे भारूड व्हावे, आणि ज्यांना शहरात राहून शास्त्रोक्त गाणे शिकावयास मिळाले आहे त्यांनी त्याच जाजमावर बसून, त्याच पेटीवर, आपल्या माणसांना एखादा भटियार किंवा ललत ऐकवावा. खुलताबादच्या उरुसात रागांवरच बेतलेली कव्वाली ऐकायला आमच्या भागातील सर्व जातिधर्मांचे लोक आवडीने जातात; तेव्हा ऐकणाऱ्यांना रागदारी परकी वाटेल ही धास्ती कोणी बाळगू नये. नरकचतुर्दशीला मात्र अभ्यंगस्नान थोडे लवकर उरकावे लागेल, आणि पाणी तापविणाऱ्या घरच्या बायकांनाही काकड्याला येता यावे म्हणून चुलीपुढचे काम त्या दिवशी पुरुषांनी अंगावर घ्यावे.