रस्त्याच्या कडेचा हिशेब

मुंबईच्या लोकलमार्गांवर वाढलेल्या शहरांचे मध्यवर्ती क्षेत्र बहुधा रेल्वे स्थानकाला लगटूनच असते, आणि डोंबिवली पूर्वेचा फडके रस्ता व त्याच्या आसपासचे नेहरू रस्ता, केळकर रस्ता, डॉ. राजेंद्रप्रसाद रस्ता हे त्याचे ठळक उदाहरण आहे. बाजारपेठ, बँका, दवाखाने, शिकवण्या, गणेश मंदिर, रिक्षाथांबे आणि स्थानकाकडे धावणारे नोकरदार हे सारे तिथे चालत जाता येईल एवढ्या अंतरात एकवटलेले आहे. रस्ते मात्र शहर लहान असतानाच्या मापाचे आहेत, आणि दोन्ही बाजूंना इमारती उभ्या असल्यामुळे ते रुंद होण्याची शक्यता जवळजवळ नाही. अशा ठिकाणी वाहन उभे करण्यासाठी पैसे आकारावेत का, हा प्रश्न वारंवार पुढे येतो, आणि चर्चा दर किती असावा यावर येऊन अडते. दर महत्त्वाचा आहेच, तथापि गोळा झालेला पैसा कोठे जातो आणि वसुली करणाऱ्याला नेमका कशाचा मोबदला मिळतो, या दोन गोष्टींवर सशुल्क पार्किंगचे यशापयश अधिक अवलंबून असते.

प्रथम टंचाई कशाची आहे ते पाहावे लागेल. रस्त्याची वाहती रुंदी आणि पदपथ यांच्यामध्ये वाहन उभे राहू शकेल एवढी जी पट्टी उरते, तिला येथे ‘कडेची जागा’ म्हटले आहे. या पट्टीवर दोन वेगळ्या प्रकारचे लोक हक्क सांगतात. सकाळी लोकल गाठण्यासाठी आलेला नोकरदार आपली दुचाकी लावतो आणि ती संध्याकाळी उशिरा परत नेतो. उलट औषध घ्यायला, दागिन्याचे माप द्यायला किंवा आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायला आलेल्याला जागा फार तर अर्धा तास हवी असते. सकाळी आठ ते रात्री आठ या बारा तासांत एका दुचाकीने अडवलेली जागा अर्ध्या तासाच्या हिशेबाने चोवीस जणांच्या उपयोगी पडू शकते. पार्किंग विनामूल्य असले की ती पहिल्या आलेल्याला दिवसभरासाठी मिळते आणि उरलेल्या तेवीस जणांना दुहेरी रांग लावण्यावाचून गत्यंतर राहत नाही. यात नोकरदाराचा दोष नाही. जे फुकट आणि जवळ आहे ते तो वापरतो. दोष त्या जागेच्या वाटपाला कोणतीही कसोटी न लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

सध्या प्रचलित असलेली कसोटी म्हणजे सम-विषम तारखांची पद्धत, जिला वाहतुकीच्या फलकांवरून ‘पी-१, पी-२’ असे ओळखले जाते: सम तारखेला रस्त्याची एक बाजू, विषम तारखेला दुसरी. या पद्धतीने रस्त्याची निम्मी कड मोकळी राहते हे खरे. परंतु वाहन किती वेळ उभे राहावे याबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि नियम मोडणाऱ्यासाठी टोइंग व्हॅन हा एकच उपाय तिच्यापाशी असतो. वास्तविक मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ मध्ये वाहने अनिश्चित काळासाठी किंवा ठरावीक मुदतीसाठी उभी राहू शकतील अशा जागा, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, निश्चित करण्याची तरतूद आहे. मुदत घालून देण्याचा अधिकार कायद्यात आधीपासूनच असताना, तो अमलात आणण्याचे साधन म्हणून शुल्काकडे पाहिले गेले पाहिजे.

शुल्काचा मूळ हेतू हाच होता, हे त्याच्या इतिहासावरून दिसते. जगातील पहिले पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे बसवण्यात आले आणि त्याचा दर तासाला पाच सेंट होता. मीटरची कल्पना मांडणारे कार्ल मॅगी हे वृत्तपत्राचे संपादक होते आणि तेथील व्यापारी संघटनेच्या वाहतूक समितीवर काम करत होते. बाजारपेठेत नोकरीला येणारे लोक दिवसभर गाड्या लावून ठेवत आणि गिऱ्हाइकाला जागा मिळत नसे, ही व्यापाऱ्यांची तक्रार त्यामागे होती. म्हणजे पार्किंगचे शुल्क ज्या व्यापाऱ्यांना आज आपल्या धंद्यावरचे संकट वाटते, त्यांच्याच हितासाठी ते जन्माला आले, आणि नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या बाजारपेठेतील अडचण आजच्या डोंबिवलीतील अडचणीपेक्षा फारशी निराळी नव्हती.

या विषयाची शास्त्रीय मांडणी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ या ग्रंथात केली. त्यांच्या मते योग्य दर म्हणजे ज्या दराला कोणत्याही वेळी कडेची सुमारे ८५ टक्के जागा भरलेली आणि १५ टक्के मोकळी राहते तो दर. साधारण दर सात जागांमागे एक मोकळी असली की येणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. दर याहून कमी असेल तर रस्ता तुडुंब भरतो, जास्त असेल तर तो रिकामा पडून व्यापाराचे नुकसान होते. जागा शोधत घिरट्या घालणारी वाहने कोंडीत मोठी भर घालतात, हेही शूप यांनी निरीक्षणांनिशी दाखवले. या विचाराचा व्यावहारिक अर्थ असा की दर ठरवताना महापालिकेने अंदाजपत्रकातील तूट पाहायची नसून रस्त्यावरील मोकळ्या जागा मोजायच्या आहेत, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ यांसाठी दर वेगळे ठेवावे लागले तरी ते गर्दीच्या मोजणीवरून ठरवायचे आहेत.

वाहनांच्या प्रकारांतील दरांचे प्रमाणही मोजता येण्याजोगे आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर आणि दुचाकीसाठी एक मीटर बाय दोन मीटर जागा धरलेली आहे. मोटार साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जागा व्यापते आणि दुचाकी दोन चौरस मीटर. तेव्हा मोटारीचा दर दुचाकीच्या सहापट असणे हे निव्वळ भूमितीला धरून आहे. स्थानकाजवळ एवढ्या क्षेत्रफळाचा गाळा भाड्याने घेणारा दुकानदार त्यासाठी केवढे भाडे मोजतो हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही गाळ्यासमोरची तेवढीच सार्वजनिक जमीन दिवसभर विनामूल्य वापरली जाते. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही पार्किंगचे शुल्क जमिनीचे खरे मूल्य दर्शवणारे असावे, जेणेकरून लोक सार्वजनिक वाहतुकीकडे वळतील, अशी भूमिका घेतली होती.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप असा की वाहन घेतानाच रस्त्याचा कर भरलेला असताना पुन्हा पैसे का द्यावेत. मोटार वाहन कर राज्य सरकारकडे जातो आणि तो वाहन रस्त्यावर चालवण्याशी निगडित आहे. जो मालक आपले वाहन स्वतःच्या आवारात ठेवतो तोही तेवढाच कर भरतो, तेव्हा त्या करातून सार्वजनिक जमीन वाहन साठवण्यासाठी मिळाली असे मानता येत नाही. वाहनतळ पुरवणे हे मात्र नगरपालिकांचे काम आहे, कारण ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्त्यांवरील दिवे, वाहनतळ आणि बसथांबे ही कामे एकत्रच नोंदवलेली आहेत. दुसरा आक्षेप गरिबांबद्दलचा आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. परंतु स्थानकापर्यंत चालत, शेअर रिक्षाने किंवा बसने येणाऱ्याला विनामूल्य पार्किंगचा कोणताच लाभ नसतो. उलट उभ्या वाहनांमुळे त्याला पदपथ सोडून रस्त्याच्या मधून चालावे लागते आणि त्याची रिक्षा कोंडीत अडकते. फुकट पार्किंगचा सर्वांत जड भार वाहन नसलेल्या माणसाच्या खांद्यावर आहे. दिव्यांगांसाठी राखीव आणि निःशुल्क जागा, तसेच दुचाकीसाठी अगदी माफक दर, एवढी काळजी घेतली तर समतेचा मुद्दा शुल्काच्या विरोधात न जाता त्याच्या बाजूने उभा राहतो.

तिसरा आक्षेप अनुभवातून आलेला आहे, आणि तोच सर्वांत सबळ आहे: पैसे घेतले जातात, रस्ता मात्र होता तसाच राहतो. पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, तेव्हा झालेल्या तीव्र विरोधानंतर ते केवळ पाच रस्त्यांवर प्रायोगिक स्वरूपात राबवण्याचे ठरले आणि पुढेही त्याची अंमलबजावणी रेंगाळत राहिली. त्या वादात नागरिकांनी शुल्काकडे आणखी एक कर म्हणून पाहिले, कारण त्या पैशाने आपल्या रस्त्यावर काय बदलेल हे त्यांना दिसत नव्हते. मुंबईत दुसऱ्या टोकाचा प्रयोग झाला. विकासकांना वाढीव चटई क्षेत्र देऊन उभारलेले सार्वजनिक वाहनतळ ओस पडत असताना आसपासचे रस्ते भरलेले असत. म्हणून जुलै २०१९ मध्ये २६ वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा पार्किंगला पाच हजार रुपयांपासून पुढे दंड लावण्यात आला. वाहनतळ पैशाचा आणि त्याच्या दारातला रस्ता फुकट, अशी किमतीची उतरंड उलटी असेल तर वाहनतळ भरणार नाही, हा त्यातील खरा धडा होता. दंडाची रक्कम कितीही वाढवली तरी ही उतरंड सरळ होत नाही.

आपल्याकडील ‘पे अँड पार्क’ची प्रचलित पद्धत या अविश्वासाला खतपाणी घालते. सामान्यतः रस्त्याचा तुकडा निविदा काढून सर्वाधिक रक्कम देऊ करणाऱ्या ठेकेदाराकडे सोपवला जातो. ठरलेली रक्कम भरल्यानंतर वरची सारी वसुली ठेकेदाराची असल्यामुळे, जितकी वाहने कोंबता येतील तितकी कोंबणे, पावतीशिवाय पैसे घेणे आणि दिवसभराच्या वाहनाला ठोक दरात जागा देणे यात त्याचा फायदा असतो. ८५ टक्क्यांचा नियम सांगतो की काही जागा मोकळ्या राहिल्या पाहिजेत, आणि ठेक्याची रचना सांगते की एकही मोकळी राहता कामा नये. शुल्काचे उद्दिष्ट आणि वसुलीची रीत यांत असा उघड विरोध असताना दर चाळीस ठेवला की दहा, याने फारसा फरक पडत नाही. म्हणून वसुली थेट महापालिकेच्या खात्यात, यूपीआय किंवा यंत्रातील छापील पावतीने व्हावी, आणि ठेकेदाराला वसुलीतील वाटा न देता सेवेसाठी ठरावीक मोबदला द्यावा. आखलेल्या जागेबाहेर वाहन आढळल्यास किंवा पावतीविना पैसे घेतल्यास तो मोबदला कापला जावा.

पैसा कोठे जावा याचे उत्तर कॅलिफोर्नियातील पॅसाडेना या शहराने दिले. तेथील जुन्या बाजारपेठेत मीटर बसवण्यास व्यापाऱ्यांचा विरोध होता, कारण उरलेसुरले गिऱ्हाईकही जाईल अशी त्यांना भीती वाटत होती. मीटरचे निव्वळ उत्पन्न त्याच भागाच्या सुधारणेसाठी खर्च होईल असे शहराने मान्य केल्यावर हा विरोध मावळला आणि १९९३ मध्ये तासाला एक डॉलर दराने मीटर सुरू झाले. अपेक्षित उत्पन्नाच्या आधारावर शहराने पन्नास लाख डॉलरचे कर्ज काढून पदपथ, झाडे, दिवे आणि मागच्या गल्ल्या यांची कामे केली, आणि मरगळलेली ती पेठ पुन्हा गजबजली. यातून जी पद्धत रूढ झाली तिला ‘पार्किंग लाभक्षेत्र’ म्हणता येईल: ज्या परिसरातून शुल्क जमा होते त्याच परिसरावर ते खर्च करण्याचे बंधन. पॅसाडेना आणि डोंबिवली यांच्या उत्पन्नात व रहदारीत मोठे अंतर आहे. परंतु पैसे देणाऱ्याला त्यांचा परतावा डोळ्यांनी दिसला की त्याचा विरोध ओसरतो, ही गोष्ट कोणत्याही शहराला लागू आहे.

डोंबिवलीपुरता विचार केला तर योजनेची रूपरेषा पुढीलप्रमाणे असू शकते. एखाद्या रस्त्यावरच शुल्क लावले तर वाहने शेजारच्या गल्लीत सरकतील, म्हणून स्थानकाभोवतीचा संपूर्ण परिसर एक लाभक्षेत्र मानावा. कडेची जागा कमी वेळेच्या वापरासाठी ठेवून तिचा दर तासागणिक चढता असावा, आणि नोकरदारांसाठी थोड्या अंतरावर दिवसभराची जागा मासिक पासाने, रस्त्यापेक्षा निश्चितपणे स्वस्त दरात, उपलब्ध करावी. माल उतरवणाऱ्या टेम्पोंना सकाळची ठरावीक वेळ द्यावी, रिक्षाथांबे आखून द्यावेत, आणि पार्किंगची सोय नसलेल्या जुन्या इमारतींतील रहिवाशांना रात्रीचे सवलतीचे परवाने मिळावेत. मात्र पदपथाचा एक इंचही पार्किंगसाठी आखला जाऊ नये. वसुलीपूर्वी आणि नंतर दर तीन महिन्यांनी भरलेल्या व मोकळ्या जागांची मोजणी, जमा आणि खर्च हे प्रभाग कार्यालयाबाहेर फलकावर लावले जावेत, आणि खर्चाची कामे ठरवताना व्यापारी, रहिवासी, रिक्षाचालक व पादचारी यांच्या प्रतिनिधींना स्थान असावे.

फडके रस्त्याला डोंबिवलीच्या जीवनात वाहतुकीपलीकडचे स्थान आहे. दिवाळीच्या पहाटे तरुणाई तिथे जमते आणि गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत सारे शहर तिथे उतरते; त्या दिवशी तो रस्ता किती माणसांना सामावून घेऊ शकतो हे सर्वांना दिसते. रस्ता ही सामाईक मालमत्ता आहे या भावनेला वर्षातील उरलेल्या दिवसांतही अर्थ यावा असे वाटत असेल, तर त्या मालमत्तेचा खाजगी वापर करणाऱ्याकडून मोबदला घेणे आणि तो मोबदला त्याच रस्त्याला परत देणे, या दोन्ही गोष्टी एकाच ठरावात बांधल्या गेल्या पाहिजेत. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने सशुल्क पार्किंगचा प्रस्ताव आणताना दरपत्रकाच्या आधी लाभक्षेत्राच्या स्वतंत्र खात्याची आणि ठेकेदाराच्या मोबदल्याची तरतूद मांडावी. त्या दोन तरतुदी असतील तर नागरिकांनी शुल्काला मनापासून पाठिंबा द्यावा, आणि त्या नसतील तर प्रस्ताव परत पाठवून त्या मागून घ्याव्यात.