मागच्यासाठी थांबा!

मित्रांनो, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होतो, त्यामुळे माझं मराठी थोडं इकडे-तिकडे होईल, सांभाळून घ्या. हॉस्टेलमध्ये सध्या एक नवा नियम निघालाय (लेखी नाही, तोंडीच). रविवारच्या ट्रेल राइडला गियरवाली एमटीबी असेल तरच यायचं! का? तर साध्या सायकलवाल्यांमुळे ग्रुपचा ‘अ‍ॅव्हरेज’ पडतो. मला हे बिलकुल पटलेलं नाही.

माझं घर तारोडीला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सातजण तिथून उत्तनमार्गे चौकच्या धारावी किल्ल्याला गेलो होतो. उत्तनला वलांडीवर बोंबील सुकत होते. आमच्या विदर्भातल्या एका दोस्ताने एका हाताने नाक धरलं आणि दुसऱ्या हाताने हँडल, मग काय, सरळ गटारात! पाच मिनिटं कोणालाच सायकल चालवता येईना, इतकं हसत होतो.

डांबरी रस्ता सोडून आम्ही टेकडीवरच्या दगडगोट्यांच्या पायवाटेला लागलो. सिव्हिलचा एकजण वडिलांची बिनगियरची सायकल घेऊन आला होता. चढावर तो ढकलत होता, आम्ही वर थांबून त्याला चिडवत होतो. तेवढ्यात सगळ्यात पुढे पळणाऱ्या एमटीबीच्या टायरमध्ये बाभळीचा काटा घुसला. त्या पठ्ठ्याकडे हेल्मेट, ग्लोव्हज, मोबाईलचा स्टँड, सगळं होतं. पंप नव्हता! पंप, पॅच आणि सोल्युशन निघालं कोणाच्या पिशवीतून, तर त्या ढकलत येणाऱ्याच्या. ट्यूब बुडवायला पाणी नाही, म्हणून त्याने ती गालाजवळून फिरवत फिरवत हवा कुठून सुटते ते शोधलं. अशी प्रॅक्टिकल्स आपल्या वर्कशॉपमध्ये का नसतात, देव जाणे.

आणि हा खेळ जन्मला तरी कशावर? कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 1976 मध्ये काही दोस्तांनी ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू केली, ती 1930-40 च्या काळातल्या जाड टायरच्या भंगार सायकलींवर. मागच्या हबमधला ब्रेक एवढा तापायचा की ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचलं की हब उघडून परत ग्रीस भरायचं, म्हणून ते नाव. आपल्या नियमाप्रमाणे त्यांनाही एन्ट्री नाही!

किल्ल्यावर पडके अवशेषच आहेत. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1739 साली हा मराठ्यांनी घेतला, त्याच वर्षी खाडीपलीकडची वसई पण. आम्ही तिकडे बघत आईने दिलेले लाडू आणि चिवडा संपवला. शेवटचा लाडू पंपवाल्याला, एकमताने.

नियम निघाल्यापासून तो दोन रविवार आलेला नाही. विचारलं तर म्हणतो, सबमिशन आहे. सेम सुरू होऊन तीन आठवडे झालेत, कसलं सबमिशन? या रविवारी मी त्याला रूमवरून उठवून आणणार आहे. आम्ही दोघं हळूच येऊ. अ‍ॅव्हरेजवाल्यांनी खुशाल पुढे जावं, पंप आमच्याकडे आहे.