बर्फ काय फक्त स्कीवाल्यांचाच?



गेल्या आठवड्यात रामबागेत बँकेतले माझे एक जुने सहकारी भेटले. मुलगा म्युनिकला असतो. या डिसेंबरात आई-वडिलांना आल्प्समध्ये नेतो म्हणतोय आणि हे नाही म्हणून बसलेत. मला म्हणाले, "साहेब, ती स्की करणाऱ्यांची जागा. आपण काय, हॉटेलात बसून त्यांचं सामान राखायचं?"

मला हसू आलं नाही. कारण हेच वाक्य २०१७ साली मी आमच्या मुलाला फोनवर ऐकवलं होतं. सौ. शेजारीच उभी होती. नंतर एवढंच म्हणाली, "अहो, मला एकदा भरपूर बर्फ बघायचा होता." नोकरीत असताना एलटीसी घेतली ती पुरी, रामेश्वर, द्वारकेची. बर्फ राहूनच गेला. पुढे करोना आला, मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शेवटी २०२४ च्या फेब्रुवारीत गेलो, तेव्हा तिच्या हातात काठी होती. मधली सात वर्षं कुठल्याच खात्यात जमा झाली नाहीत. म्हणून हे लिहितोय.

माझं मत असं की हिवाळ्यातले आल्प्स ही स्कीवाल्यांची मालमत्ता नाही. कधी नव्हतीच. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झची गोष्ट सांगतात. १८६४ साली योहानेस बाद्रुट नावाच्या हॉटेलमालकाने उन्हाळ्यात आलेल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, की हिवाळ्यात येऊन बघा, आवडलं नाही तर येण्या-जाण्याचा खर्च माझा. पाहुणे आले आणि रमले. तेव्हा तिथे स्कीचं नावही नव्हतं! लोक उन्हात बसत, फिरत, गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करत, घसरगाड्या चालवत. शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल १८९४ साली स्की लावून दावोसहून डोंगर ओलांडून अरोसाला गेले, तेव्हासुद्धा तो प्रकार नवलाईचाच होता. म्हणजे बिनस्कीवाला पाहुणाच तिथला मूळ खातेदार!

आम्ही सेंट मॉरिट्झजवळ पोंट्रेसिना गावात राहिलो. सकाळी मुलगा, सूनबाई आणि नातवंडं स्की घेऊन निघाली की आम्ही दोघं स्टेशनवर. तिथली लाल गाडी मीटर गेजची आहे, आपल्या महू-पातालपाणी-कालाकुंडच्या जुन्या गाडीसारखी. बर्निना घाटात ती २२५३ मीटरपर्यंत चढते आणि मग इटलीतल्या तिरानोला ४२९ मीटरपर्यंत उतरते, तेही दातेरी रुळांशिवाय. ही लाइन २००८ साली जागतिक वारसा यादीत गेली, आपली कालका-शिमलाही त्याच वर्षी. मोठ्या काचांच्या बर्निना एक्स्प्रेसला आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. साध्या लोकल गाड्या त्याच रुळांवरून जातात आणि खिडकीही उघडता येते. हाफ-फेअर कार्ड काढलं की तिकीट अर्धं. बँकवाल्याला आणखी काय पाहिजे?

एक दिवस घोड्यांच्या बर्फगाडीतून फेक्स दरीत गेलो, अंगावर जाड पांघरूण घेऊन. एक दिवस मुओटास मुराग्लच्या उंचीवर दोरखंडाच्या रेल्वेने. वर चालायला दाबून सपाट केलेली वाट असते, पायी फिरणाऱ्यांसाठी गुलाबी पाट्या. सेंट मॉरिट्झला सेगांतिनी या चित्रकाराचं संग्रहालय आहे. जीवन, निसर्ग आणि मृत्यू या त्यांच्या तीन प्रचंड चित्रांसमोर सौ. बराच वेळ बसून होती. फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर घोड्यांच्या शर्यती होतात, १९०७ पासून. एका दुपारी सगळेच प्रेडाला गेलो. तिथून बेर्ग्युनपर्यंत सहा किलोमीटरचा रस्ता हिवाळ्यात बंद करून घसरगाड्यांना देतात. नातवंडं घसरत खाली, आम्ही गाडीने खाली, आणि परत सगळे मिळून गाडीने वर.

आता खरं तेही सांगतो. महाग आहे, कॉफीचे रुपये करत बसू नये. रस्ते निसरडे असतात, बुटांना अडकवायचे काटे पहिल्याच दिवशी घ्यावेत. गाव १८०० मीटरवर, तेव्हा बीपीवाल्यांनी डॉक्टरांना आधी विचारावं आणि पहिला दिवस आराम करावा. शाकाहाऱ्यांनी जवाचं सूपसुद्धा विचारूनच मागवावं, त्यात बरेचदा मांस असतं. आमचं मेतकूट आणि इंदुरी शेव कामी आली.

मुलांनाही दोन शब्द. आई-वडिलांना नेणार असाल तर ज्या गावात रेल्वे आणि सपाट वाटा आहेत ते गाव निवडा. फक्त उतार आणि हॉटेल असलेल्या जागी नेलंत तर ते सामानच राखतील. आणि नातवंडांचा पूर्ण वेळचा चार्ज त्यांच्याकडे देऊ नका. लहान मुलांसाठी स्कीच्या शाळा असतात. संध्याकाळी एकत्र जेवा, दिवस त्यांचा त्यांना द्या.

शेवटच्या दिवशी आम्ही मोर्टेराच हिमनदीच्या वाटेने चाललो. अमुक साली बर्फ इथवर होता अशा पाट्या वाटेत लावल्या आहेत. हिमनदी दर वर्षी मागे सरकते आहे. दोन-तीन पाट्यांनंतर सौ. थांबली. म्हणाली, "बास. २०१७ मध्ये आलो असतो तर शेवटपर्यंत गेले असते." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

माझ्या मित्रांना मी हे सगळं सांगितलं. वहिनींना विचारून सांगतो म्हणाले. म्हटलं, आधी विचारायला हवं होतं, नाही म्हणण्याच्या आधी.

तुमच्याही घरी असा फोन आला असेल, तर निदान शेजारी उभं असलेल्या माणसाला एकदा विचारा.