पोकलेन यायच्या आधी भातवडी

आमच्या शहरात मलिक अंबर म्हणजे नहर आणि भडकल दरवाजा. १६१० मध्ये खडकी वसवली, मुद्दा संपला. पण त्याची सगळ्यात गाजलेली लढाई १६२४ मध्ये भातवडीला झाली, आणि ते गाव इथून तीनेक तासांवर, नगरजवळ (अहिल्यानगर म्हणायचं आता, जीभ वळायला वेळ लागतोय) तलावासकट आहे.

मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आलेले. अंबरकडे शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी. अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीचा चिखल केला, असं सांगतात. विजापूरचा मुल्ला मुहम्मद लारी पडला, इकडे शरीफजी पडले.

गोष्ट भारीच आहे. पण बांध फोडला कुठे? छावणी किती दूर? याची उत्तरं बखरींपेक्षा जमिनीत असण्याची शक्यता जास्त. पुराचा गाळ वेगळा थर सोडतो आणि शिशाची गोळी गंजून संपत नाही. कुठे किती गोळ्या पडल्यात हे नकाशावर मांडलं की लढाई कशी सरकली ते दिसतं. आपल्या भाषेत, सर्व्हरची लॉग फाईल! अमेरिकेत लिटल बिगहॉर्नला १९८४ मध्ये हेच केलं. लेक शॅम्प्लेनमध्ये १७७६ साली आरमारी लढाई झाली होती. तिथे पाणबुड्यांनी मेटल डिटेक्टर घेऊन तळ धुंडाळला आणि फुटलेल्या तोफेचे तुकडेसुद्धा नकाशावर आणले.

आपल्याकडे संरक्षण मिळतं ते बहुतेक दरवाजे, कबरी, किल्ले यांना. शेतात झालेल्या लढाईला कोण विचारतो?

आणि घाई एवढ्यासाठी की २०१७ पासून राज्यभर तलावांतला गाळ काढून शेतात टाकायची सरकारी योजना आहे. योजना चांगलीच आहे, दुष्काळी भागात पाण्याला नाही म्हणणारा मी कोण? पण भातवडीसारख्या ठिकाणी गाळ उचलला की थर गेला, आणि तो खालच्या शेतात पसरला की रणभूमीवर नवी माती चढली. लॉग ओव्हरराइट. बॅकअप नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की गाळ काढायच्या परवानगीआधी राज्याच्या पुरातत्त्व खात्याने एक उन्हाळा तिथे सर्व्हे करावा. डेक्कन कॉलेजची मंडळी पुण्यात आहेतच. आपण हौशी लोकांनी मात्र डिटेक्टर घेऊन पळू नये प्लीज, जागेवरून उचललेली गोळी म्हणजे नुसतं शिसं.

तलावांचं पाणी उतरतं एप्रिल-मेमध्ये. पोकलेनही तेव्हाच येतात.