वायूच्या दाबांतील एक तृतीयांश

वायूच्या दाबाचें सूत्र आमचे विद्यार्थी घडाघडा म्हणतात. परंतु त्यांतील ‘एक तृतीयांश’ कोठून आला असें विचारतांच वर्ग स्तब्ध होतो. माझ्या मतें हें सूत्र पाठ करूं देणेंच अयोग्य होय.

घनाकृति पेटींतील एक रेणु भिंतीवर आपटून त्याच वेगानें परततो. वेग दुप्पट झाला कीं प्रत्येक आघात दुप्पट जोराचा होतो, आणि आघातही दुप्पट वेळां होतात. म्हणून दाब चौपट! सूत्रांत वेगाचा वर्ग येतो तो असा. रेणु असंख्य, व तिन्ही दिशांस सारखेच धांवणारे. तेव्हां एका दिशेच्या वांट्यास त्या वर्गाचा तिसरा हिस्साच येणार.

रेणूंच्या गतीवरून दाबाचा हा उलगडा मुंबईंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नाविक उमेदवारांस शिकविणाऱ्या जॉन जेम्स वॉटरस्टन यांनीं १८४५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीकडे लिहून पाठविला. परीक्षकानें तो निरर्थक ठरविला. वॉटरस्टन १८८३ सालीं निवर्तले. निबंध लॉर्ड रॅले यांनीं १८९२ सालीं छापविला. एका शिक्षकानें इतक्या कष्टानें मांडलेला विचार आमच्या मुलांनीं पोपटासारखा म्हणावा काय? पालकहो, मुलगा घरीं सूत्र म्हणूं लागला, तर तो एक तृतीयांश कोठला, एवढें विचारून पाहा.